पोरगा राज्यात पहिला आला, आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाला पंधरा पूर्ण झाली, सोळावं चालू आहे, दहावीत शिकतो. लहानपणापासून गावच्या तालमीत मातीत मेहनत केली, मॅटवर येऊन दोन वर्षं झाली. यंदा १७ वर्षांखालील राज्य अजिंक्यपद स्पर्धेत फ्रीस्टाइल ५५ किलो गटात त्याने सुवर्ण घेतलं, पण राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत हरला. एरवी त्याचं वजन ५८ भरतं. तालमीतले जाणते म्हणतात, पुढच्या वर्षी ५१ मध्ये उतरवा, राष्ट्रीय पदक पक्कं. जत्रांच्या मैदानांची बोलावणी यायला लागली आहेत. एका नातेवाइकाचं मत आहे की शाळा सोडवून पोराला हरियाणात सोनीपतच्या आखाड्यात धाडावं. वडील विचारतात, यातलं काय करू आणि काय नको?

आधी पोराचं आणि त्याच्या वस्तादांचं मनापासून अभिनंदन. मी बरीच वर्षं कुमार गटातले मल्ल तयार करतो आहे, त्यामुळे राज्याचं सुवर्ण किती घामाने येतं ते ठाऊक आहे. पण तुमचे सगळे प्रश्न एकाच ठिकाणी येऊन थांबतात. या वयातलं पदक सांगतं की आज, या वजनात, या वयाच्या मुलांमध्ये तुमचा मुलगा पुढे आहे. पाच वर्षांनी त्याचं अंग, त्याचं वजन, समोरचे गडी आणि लढतीचा वेळ, सगळंच बदललेलं असेल. त्याला आज जिंकवणाऱ्या गोष्टी जपत बसायचं, की त्याला वाढू द्यायचं, हा खरा निर्णय आहे. माझं उत्तर स्पष्ट आहे: वाढू द्या, त्यासाठी एखाददुसरं पदक गेलं तरी चालेल.

वजनापासून सुरुवात करतो, कारण नुकसान सर्वांत लवकर तिथेच होतं. ५१ चा विचार डोक्यातून काढून टाका. ५५ सुद्धा आता सोडा. पुढच्या हंगामात त्याला ६० मध्ये खेळवा.

५८ वरून ५१ म्हणजे सात किलो, अंगाच्या वजनाचा जवळपास आठवा हिस्सा. आणि पोरगा वाढीला लागला आहे. वर्षभरात त्याचं वजन ६१-६२ वर गेलं, तर हीच घट दहा किलोंची होईल. पंधरा-सोळाव्या वर्षी एवढं वजन उतरवायचं म्हणजे महिनोन्‌महिने अर्धपोटी ठेवायचं आणि शेवटच्या दोन दिवसांत अंगातलं पाणी काढायचं. स्वेटरवर स्वेटर चढवून पळणं, प्लास्टिक गुंडाळून दोरीच्या उड्या, बाटलीत थुंकत बसणं, हे प्रकार प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या रात्री निवासाच्या व्हरांड्यात दिसतात. पाणी गेलं की रक्ताचं प्रमाण घटतं, हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. स्नायूंमधला साखरेचा साठा संपलेला असतो. असा मुलगा पहिला दीड मिनिट झकास लढतो आणि नंतर त्याचे पाय जड होतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की पोराचा दम कमी पडला, मेहनत वाढवा. खरं तर त्याला पाणी आणि भात कमी पडलेला असतो. १९९७ साली अमेरिकेत वजन उतरवण्याच्या नादात महाविद्यालयीन मल्लांपैकी तिघे काही आठवड्यांत दगावले. त्यानंतर तिथे वजन घटवण्यासाठी सौना आणि रबरी सूट वापरण्यावर बंदी आली. ती तर आपल्यापेक्षा मोठी, भरलेल्या अंगाची मुलं होती.

तुमच्या तालमीतल्या जाणत्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्या वेळी वजन आदल्या संध्याकाळी व्हायचं, रात्रभर खाऊनपिऊन गडी सकाळी परत उभा राहायचा. आंतरराष्ट्रीय नियम २०१८ पासून बदलले. आता प्रत्येक गट दोन दिवस चालतो, दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं आणि थोड्याच वेळात लढती सुरू होतात. दुसऱ्या दिवशी वजनाला फक्त पंधरा मिनिटांचा वेळ असतो. विनेश फोगटचं काय झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. पॅरिसमध्ये ५० किलो गटात पहिल्या दिवशी तिने चार वेळची विश्वविजेती युई सुसाकी हिला हरवलं आणि अंतिम फेरी गाठली. ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी काटा १०० ग्रॅम पुढे गेला आणि हातातलं पदक गेलं. त्याच ऑलिम्पिकमध्ये अमन सेहरावतने उपांत्य लढतीनंतर रातोरात साडेचार किलोंहून जास्त वजन उतरवून ५७ किलोत कांस्य मिळवलं. लोक त्याचं उदाहरण देतात. पण तोच अमन २०२५ च्या झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत १.७ किलो जास्त भरला आणि एकही कुस्ती न खेळता बाद झाला. या दोघांच्या पाठीशी आहारतज्ज्ञ होते, डॉक्टर होते, फिजिओ होते. गावच्या तालमीत हा जुगार कुणाच्या जिवावर खेळायचा?

आता आपल्याच मातीतली दोन उदाहरणं बघा. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेट म्हणजे ५२ किलोत खेळले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्य घेतलं ते बँटमवेटमध्ये, ५७ किलोत. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक वरच्या गटात आलं. बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण जिंकला आणि २०१९ ला नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं ते ६१ किलोत. ६१ हा ऑलिम्पिकचा गट नव्हता हे खरं, पण जागतिक पदकाच्या लायक कुस्ती त्याच्या अंगात आहे हे त्या चार किलोंनी दाखवलं.

६० मध्ये पोरगा कदाचित पुढच्या वर्षी राज्यातही हरेल. हरू द्या. ५८ किलोचा मुलगा पोटभर खाऊन, रात्री नीट झोपून, हसत काट्यावर उभा राहतो आणि लढतीच्या शेवटच्या मिनिटालाही पट घ्यायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला, वाकतो, तेव्हा तो काहीतरी शिकत असतो. तहानलेला मुलगा फक्त वेळ काढत असतो. पुढचा हिशोबही लक्षात ठेवा. पॅरिसला पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये सहाच गट होते: ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५. तुमच्या मुलाची उंची, तुमची आणि घरातल्या मामा-काकांची चण बघून अंदाज बांधा की विसाव्या वर्षी तो कुठे असेल. मला तरी तो ६५ चा किंवा ७४ चा गडी वाटतो. मग आज त्याला ५१ मध्ये कोंडून काय मिळवायचं?

राष्ट्रीयला तो का हरला, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण महाराष्ट्राची मुलं तिथे कशी हरतात ते सांगतो. बहुतेक वेळा त्यांना कुणी चितपट करत नाही. ढाक, कलाजंग, बाहेरची टांग हे आपल्या पोरांचे डाव अजूनही देखणे आहेत. अडचण डावापर्यंत पोहोचण्यात आहे. समोरचा हरियाणाचा मुलगा कपाळाला कपाळ लावतो, एका हाताने मनगट धरून खाली ओढतो, दुसरा हात मानेवर ठेवतो आणि पुढे रेटत राहतो. आपला मुलगा पकडीची वाट बघतो. मातीत ती वाट बघणं शहाणपणाचं असतं, कारण तिथे घड्याळाची घाई नसते आणि सहसा चितपट केल्याशिवाय कुणी जिंकत नाही. मॅटवर पंच त्याला निष्क्रियतेची ताकीद देतात, मग ३० सेकंदांची मुदत. त्या ३० सेकंदांत एकही गुण घेतला नाही तर समोरच्याला १ गुण. मग मागे सरकता सरकता पाय वर्तुळाबाहेर पडतो, आणखी १ गुण. २-० अशी कुस्ती जाते आणि अंगावर मॅटचा डागसुद्धा नसतो. बाहेर आल्यावर मुलगा म्हणतो, त्याने मला काहीच केलं नाही. खरंच त्याने काही केलेलं नसतं. खडाखडीत, म्हणजे उभ्याने चालणाऱ्या हात-मानेच्या झटापटीत, मात्र तो सगळीकडे पुढे असतो.

म्हणून पुढची दोन वर्षं मेहनतीतला मोठा वाटा खडाखडीला द्या. मातीत तयार झालेल्या मुलाचे हात, मान आणि तोल चांगला असतो, हे मोठं भांडवल आहे. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे हे त्याला डोळे मिटूनही कळतं. मॅटवर नवीन शिकायच्या गोष्टी तीन. पहिली, उभं राहणं. मातीतला पैलवान ताठ उभा राहतो, मॅटवर गुडघ्यात वाकून, कोपर बरगड्यांना चिकटवून, डोकं वर ठेवून हलत राहावं लागतं. ही ठेवण रक्तात भिनायला वर्ष जातं. दुसरी, लांबून एकेरी पट घेणं आणि आपला पट कुणी धरलाच तर कंबर मागे फेकून तो सोडवणं. मनगटाची पकड मोडणं, मान झटकणं, कोपर ढकलून कोनात जाणं, हे सगळं त्या एका पटासाठी. खेळाची ही बाजू बघायला कंटाळवाणी वाटते, पण मोठ्या गटातल्या बहुतेक कुस्त्या इथेच ठरतात. तिसरी, खालची कुस्ती. मातीत गडी पोटावर पडला की आपण सवारी भरतो, घिस्सा मारतो, दम लागला तर थोडी उसंतही घेतो. मॅटवर खाली धरल्यावर पंच काही सेकंदच वाट बघून उभं करतात. तेवढ्यात भारंदाज, म्हणजे कंबर आवळून समोरच्याला पाठीवरून फिरवणं, लागला तर २ गुण, परत लागला तर परत २. दोन्ही पाय गुंडाळून फिरवायचं फितले जमलं तर एका दमात कुस्ती संपते, कारण १० गुणांचं अंतर पडलं की पंच लढत थांबवतात. पट मिळाल्या क्षणी उसंत न घेता फिरवायला जाण्याची सवय आत्ताच लावा. विसाव्या वर्षी ती लागत नाही.

लढतीचा वेळही ध्यानात असू द्या. १७ खालील गटात दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. २० खालील गटात त्याच फेऱ्या तीन-तीन मिनिटांच्या होतात. म्हणजे चार मिनिटांची कुस्ती सहा मिनिटांची होते. लवकर अंगात भरलेली मुलं कुमार गटात पहिल्या झटक्यात जिंकतात आणि २० खालील गटात पाचव्या मिनिटाला सापडतात. पंधराव्या वर्षी मिशी फुटलेला मुलगा आणि अजून आवाज न फुटलेला मुलगा एकाच वजनात लढतात, तेव्हा पहिला जिंकतो यात नवल नाही. दोन-तीन वर्षांत दुसऱ्याचं अंग भरतं आणि तोवर त्याने अक्कल लढवून जिंकायची सवय केलेली असते. तुमचा मुलगा ताकदीवर जिंकतो की डावावर, हे त्याच्या वस्तादांना विचारा. ताकदीवर जिंकत असेल तर सरावात त्याला आठ-दहा किलो जड पण संयमी जोड द्या, म्हणजे ताकद चालणार नाही.

काही जण कुमार गटातून सरळ वर जातात, हेही खरं. दीपक पुनिया २०१६ ला कॅडेट (१७ खालील) विश्वविजेता झाला, २०१९ ला ज्युनियर (२० खालील) विश्वविजेता, आणि त्यानंतर पाच-सहा आठवड्यांत मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत रौप्य घेऊन आला. अंतिम पंघाल २०२२ ला सतराव्या वर्षी २० खालील जागतिक सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय मुलगी ठरली, पुढच्या वर्षी तेच पदक परत जिंकलं आणि मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत कांस्यही मिळवलं. यांच्याकडे बघून आपल्या पोराचं वेळापत्रक ठरवू नका. त्यांचं अंग त्यांच्या वेगाने वाढलं, आपल्या पोराचं त्याच्या वेगाने वाढेल.

आता मैदानांबद्दल. मी मातीचा विरोधक नाही. जत्रेच्या मैदानात हलगी वाजत असते, चारी बाजूंनी हजारो माणसं असतात, गावकीची इज्जत पणाला असते. तिथे उभं राहिलेल्या पोराला इनडोअर हॉलमधल्या गर्दीचं भय वाटत नाही. पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला दोन गोष्टी बिघडवतात. एक, जोड वजनाने न लावता नावाने लागते. 'राज्य विजेता' म्हणून पोराचं नाव पुकारलं की समोर सत्तर किलोचा विशीतला गडी येतो. माती टणक असते, जवळ डॉक्टर नसतो, आणि वाढत्या वयातला खांदा किंवा गुडघा एकदा गेला की वर्ष जातं. दोन, हरायचं नाही म्हणून बरोबरीत सोडवायची सवय लागते. पुढे कुणी नुरा कुस्तीचं, म्हणजे निकाल आधीच ठरवून लढायचं, बोलणं करायलाही येतो. पोराला त्या वाटेवर पाऊलसुद्धा टाकू देऊ नका. मॅटच्या स्पर्धा नसतील त्या काळात, ओळखीच्या मैदानात, वजन करून लावलेल्या जोडीशी दोन-चार कुस्त्या खेळू द्या. इनामाचे पैसे घरखर्चात धरू नका. एकदा घर त्या पैशावर चालायला लागलं की दुखऱ्या गुडघ्यानेही पोरगा मैदानात जातो, आणि त्याला अडवणारं कुणी राहत नाही.

माती आणि मॅट यांचं वैर आहे असंही समजू नका. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने २०२१ ला उफा इथल्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत ९२ किलोत कांस्य मिळवलं आणि पुढच्याच वर्षी साताऱ्यात महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. क्रम बघा: आधी वजनगटातली आंतरराष्ट्रीय कुस्ती, मग गदा. महाराष्ट्र केसरीचं स्वप्न प्रत्येक पोराला पडतं आणि पडावंच. पण ती गदा जड गड्यांची आहे, ८६ ते १२५ किलोंतली. पासष्ट-सत्तर किलोच्या चणीच्या पोराला त्यासाठी बळेबळे फुगवायचं म्हणजे वजन उतरवण्याइतकंच वाईट.

खुराकाचं थोडक्यात. वाढत्या, मेहनत करणाऱ्या मुलाला रोज किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं पुष्कळ होतात. ५८ किलोला साधारण शंभर ग्रॅम. लिटरभर दूध, चार अंडी, दोन्ही वेळा डाळ किंवा उसळ, मूठभर शेंगदाणे, आठवड्यातून काही दिवस मटण किंवा चिकन, यातून ते भरतात. कमतरता बहुधा भाकरी, भात, केळी, बटाटा यांची असते, कारण 'वजन वाढेल' म्हणून तेच पहिल्यांदा ताटातून काढतात. मॅटवरचा वेग त्यातूनच येतो. तुपाची वाटी अर्धी केली तरी चालेल, पण भाकरी कमी करू नका. डब्यातल्या पावडरी या वयात लागत नाहीत.

पावडरीचा विषय निघालाच आहे तर पुढचं नीट वाचा. मेफेंटरमाइन नावाचं एक इंजेक्शन आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा रक्तदाब खाली गेला तर भूलतज्ज्ञ ते देतात. गेली काही वर्षं ते जिममध्ये आणि तालमींच्या आसपास चोरून विकलं जातं. टोचलं की हृदय धडधडतं, थकवा जाणवत नाही, मेहनत दुप्पट होते. काही दिवसांत त्याशिवाय मेहनत होईनाशी होते. झोप जाते, चिडचिड वाढते, आणि हृदय बंद पडण्याचा धोका असतो तो वेगळाच. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत त्याला बंदी आहे. पोराच्या बॅगेत सिरिंज दिसली, हातावर टोचल्याच्या खुणा दिसल्या, किंवा रात्र रात्र जागा राहू लागला, तर त्या दिवशी तालीम बंद आणि डॉक्टरकडे. ओरडू नका, त्याला ते कुणी आणून दिलं ते शोधा. या वयाच्या पोराला ते बहुतेक वेळा मोठा पैलवानच देतो.

उत्तेजकांच्या नियमात एक गोष्ट कडक आहे: अंगात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. माहीत नव्हतं, डॉक्टरांनी दिलं, डब्यावर लिहिलं नव्हतं, हे सगळं नंतर सांगावं लागतं. अल्पवयीन मुलांना शिक्षेत काही सवलत आहे, पण डाग तर लागतोच. सर्दीच्या गोळीपासून दम्याच्या पंपापर्यंत जे काही द्याल ते आधी नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, 'नो युअर मेडिसिन' या ॲपमध्ये तपासा. जे औषध दिलं त्याचं नाव आणि तारीख एका वहीत लिहून ठेवा, चिठ्ठी जपून ठेवा. तुमच्या डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा की मुलाची चाचणी होऊ शकते.

जन्मतारखेबद्दल एकच वाक्य. जो दाखला खरा आहे तोच चालवा, कारण २०२५ मध्ये कुस्ती महासंघाने खोट्या दाखल्यांवरून मल्लांना निलंबित केलं आहे, आणि वर्ष कमी दाखवून मिळवलेलं पदक पोराला स्वतःलाच खरं वाटत नाही.

शाळा सोडवू नका. माझं हे मत पक्कं आहे आणि त्यामागे व्यवहार आहे. सैन्य, रेल्वे, पोलीस यांच्या क्रीडा कोट्यातल्या भरतीला निदान दहावी-बारावी लागते. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण अर्जाच्या फॉर्मवर शिक्षणाचा रकाना असतोच. राहुल आवारे, नरसिंग यादव, विजय चौधरी यांना पोलीस उपअधीक्षक पद मिळालं, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. खाशाबाही ऑलिम्पिक पदकानंतर १९५५ ला पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले, आणि हेलसिंकीला जाण्याआधी त्यांच्यासाठी घर गहाण ठेवून पैसे उभे करणारे खर्डेकर हे राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते. दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत मिळते, त्यासाठी राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र शाळेतून वेळेत पाठवायला विसरू नका. कुस्तीतली कारकीर्द एका लिगामेंटवर उभी असते. ज्या मुलाला माहीत असतं की कुस्ती थांबली तरी आपण रस्त्यावर येणार नाही, तो मॅटवर जास्त मोकळा लढतो.

मग सोनीपत? आत्ता कायमचं नको. पंधरा वर्षांचा मुलगा घर, भाषा, जेवण, वस्ताद सगळं एकदम सोडून गेला की पहिलं वर्ष सावरण्यातच जातं. तिथल्या मोठ्या आखाड्यांत त्याच्या वजनाची अनेक मुलं असतात, आणि नवख्याकडे नीट बघायला कुणाला सवड नसते. त्याऐवजी राज्यातच चांगली सोय बघा. राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी आहे, पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, पुण्या-कोल्हापुरात मॅटवर रोज सराव चालणाऱ्या तालमी आहेत. खेलो इंडियात निवड झाली तर महिन्याला १०,००० रुपये भत्ता मिळतो, खुराकाचा मोठा भार त्यातून हलका होतो. दहावीनंतरच्या सुट्टीत महिना-दीड महिना उत्तरेत सराव करून यायला हरकत नाही. सोबत ओळखीचा कुणीतरी हवा. तिथे तो रोज हरेल, आणि परत येताना खडाखडी शिकून येईल. कायमचं जायचा विचार अठरानंतर करा, तोही त्याची स्वतःची इच्छा असेल तरच.

नवी जागा निवडताना गदा आणि फोटो बघून ठरवू नका. एक दिवस पूर्ण सराव बसून बघा. जखमी मुलगा कडेला बसलेला दिसतो का, की त्यालाही उतरवलेलं असतं? मॅट रोज पुसतात का? नायटा झालेल्या मुलाला बरा होईपर्यंत बाहेर ठेवतात का? त्वचेचा संसर्ग एका मॅटवरून अख्ख्या तालमीला होतो आणि ऐन स्पर्धेत डॉक्टर खेळू देत नाहीत. प्रशिक्षक लहान मुलांशी कोणत्या भाषेत बोलतात, तेही ऐका. मारून शिकवणारी जागा असेल तर परत या.

दुखण्यांबाबत तीन गोष्टी लगेच करायच्या. कानात रक्त साकळून गोळा आला तर दोन-तीन दिवसांच्या आत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून काढून घ्या. मोडलेला कान ही पैलवानाची खूण मानतात, पण बुजलेल्या कानाने ऐकू कमी येतं. डोक्याला मार लागून भोवळ, उलटी किंवा विसरायला झालं तर त्या दिवशी कुस्ती बंद आणि डॉक्टर म्हणेपर्यंत सराव बंद. गुडघा वळून 'कट' असा आवाज आला आणि काही तासांत सूज आली तर मालिश करू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून एमआरआय करा.

यंदाचं वेळापत्रक असं धरा. पुढचे दोन महिने स्पर्धा नाही, दहावीचा अभ्यास आणि दिवसातून एकच सराव. परीक्षा संपली की मॅटवर खडाखडी, पट आणि पटाचा बचाव. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, आणि ते वाढत असेल तर कुणी काही बोलायचं नाही. जिल्हा निवड चाचणी येईल तेव्हा नाव ६० किलोत नोंदवा. आणि राष्ट्रीयच्या त्या हरलेल्या लढतीचं चित्रीकरण कुणाकडे असेल तर मिळवा, मुलगा आणि वस्ताद यांना एकत्र बसवून ते तीन-चार वेळा बघू द्या, आणि पहिला गुण गेला त्याच्या आधीच्या दहा सेकंदांत दोघांचे हात कुठे होते ते लिहून काढायला सांगा.